सोड म्हणेपर्यंत

हबीबचाचा गाडीला हात लावायच्या आधी चाकाला नाक लावायचे. ट्रक असो, जीप असो, नाहीतर माझी म्हातारी छोटी कार; ड्रायव्हर काय सांगतोय तिकडे त्यांचं लक्षच नसायचं. गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे, चाकाजवळ तोंड नेऊन एक-दोनदा जोरात वास ओढायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. "जयलं हाय." किंवा, "जयलं नाई, थकलं हाय." जळणं आणि थकणं यांत काही फरक असतो, हे त्यांच्याकडे जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे.

पांढरकवड्याला हैदराबादच्या बाजूने गाव संपत आलं की त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकच्या ब्रेकला नवे लायनर बसवायचे, जुने खरवडून काढायचे, एवढाच धंदा. दुकानाला पाटी नव्हती. "पाटी कायले? ज्याचे ब्रेक लागत नाई तो आपोआपच इथं येऊन थांबते," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. अंगाने वाळलेले, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि स्वतःबद्दल मत अतिशय चांगलं. "या हायवेवर हबीबच्या ब्रेकनं कोनी मेलं असंन तं सांग," हे वाक्य त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल. मेलेला माणूस सांगायला कसा येणार, असं मी विचारलं की म्हणायचे, "पाय, आलता का कोनी?"

मी त्याच रस्त्यावर मेडिकल चालवतो. आमच्याकडे औषधाच्या काउंटरमागे बसणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, तसे चाचाही म्हणायचे. घर आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर, दुकान गावात, सकाळपासून रात्रीपर्यंत खोकला, ताप आणि पित्त. या सगळ्याचा कंटाळा आला म्हणून असेल, किंवा चाळिशीत माणसाला काहीतरी खूळ लागतंच म्हणून असेल, मला ट्रॅकवर गाडी चालवायचा नाद लागला. नागपूरची काही मंडळी वर्षातून दोनेकदा हैदराबादच्या पलीकडे एका खासगी ट्रॅकवर जातात. आपापल्या रोजच्या गाड्या न्यायच्या, हेल्मेट घालायचं आणि पाळीपाळीने चकरा मारायच्या. शर्यत नाही, बक्षीस नाही. तिथे वळणावळणाला ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा लागतो आणि तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काहीही नसतं. मला तेच हवं होतं.

पहिल्याच खेपेला माझा ब्रेक गेला. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दाबला तर पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली गेलं. गाडी वळायची सोडून सरळ वाळूत शिरली. वाळू त्यासाठीच टाकलेली असते, त्यामुळे मला काही झालं नाही. पण गाडी थांबेपर्यंत जे वाटलं ते मी अजून घरी सांगितलेलं नाही. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा व्यवस्थित लागायला लागला, म्हणजे कुणाला दाखवायची तरी चोरी. तसाच हळूहळू पांढरकवड्याला आलो आणि चाचांच्या दुकानापुढे उभा राहिलो.

त्यांनी वास घेतला. "थकलं. कुठी गेलता?"

मी सांगितलं.

"म्हंजे एवढ्या दूर जाऊन गोल गोल फिरता अन् तिथंच येता?"

"हो."

"मंग गेलाच कायले?"

चाचांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, बोटांनी चोळून पाहिलं. ऑइल चहासारखं झालं होतं. "हे किती पावसाये खाल्लेलं हाय? डॉक्टर, हे ऑइल पानी पेते. झाकन लावून ठेव नाईतं काई कर, हवेतलं पानी ओढतेच. मंग तू पाय देऊन देऊन तापवलं का आतलं पानी उकयते, त्याची होते वाफ. ऑइल दबत नाई, वाफ दबते. मून तुहा पाय खाली गेला." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "पयवाले कोनीबी पयवते. तुह्या पंजोबाले इचार. त्याहिचे लादलेले बैल चढावर नाई मरत होते, उतारावर मरत होते." आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असल्यासारखं ते बोलायचे.

त्या दिवसापासून माझी गाडी हा त्यांचा विषय झाला. ट्रकचं काम त्यांना झोपेतही जमायचं, त्यात आता मजा उरली नव्हती. ट्रॅकसाठी कुठलं ब्रेक पॅड घ्यायचं यावर मात्र ते दोन-दोन दिवस विचार करायचे. आणि पहिल्यांदा साफ चुकले. ट्रकच्या हिशेबाने त्यांनी नागपूरहून सगळ्यांत कडक पॅड मागवले. "हे आता लालबुंद झाले तरी थकत नाई," असं जाहीर करून बसवले. दुसऱ्या दिवशी थंडीत सकाळी मी दुकान उघडायला निघालो, पानठेल्यापाशी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सावकाश, अगदी अदबीने पुढे जात जात ठेल्याबाहेरचा पाण्याचा रांजण फोडून थांबली. तापल्याशिवाय ते पॅड पकडतच नव्हते.

चाचांनी येऊन फुटलेला रांजण पाहिला, मग चाकाला नाक लावलं. "जावई हाय हा," शेवटी म्हणाले. "गरम झाल्याशिवाय कामच नाई करत." चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत. फक्त त्यानंतर माझे रोजचे नरम पॅड आणि ट्रॅकचे कडक पॅड वेगळे झाले. कडक पॅड जुन्या शर्टात गुंडाळून त्यांच्या फळीवर असत आणि त्यांचं नाव पडलं 'लग्नाचे'. ट्रॅकवर जायचं ठरलं की मी दुकानावरूनच ओरडायचो, "चाचा, लग्नाचे घालायचे आहेत!" रस्त्याने जाणारी माणसं माझ्याकडे वळून बघायची.

पॅड बदलले, ऑइल बदललं की हवा काढायची. ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल खाली जातं, म्हणून हे काम दोघांचं. मी सीटवर बसायचो आणि चाचा चाकाशी, हातात पाना आणि काचेच्या बाटलीत सोडलेली पारदर्शक नळी. ते ओरडायचे, "मार! मार! मार! धर!" मी पेडल तीनदा दाबून धरून ठेवायचो. ते मागचा छोटा स्क्रू सैल करायचे, नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाहेर यायचे, माझा पाय जमिनीपर्यंत जायचा. आता पाय उचलायचा नाही. त्यांनी स्क्रू घट्ट केला आणि "सोड" म्हटलं, की मगच. आधी उचलला तर काढलेली सगळी हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. "सोड म्हनेपर्यंत सोडू नको," हे ते दर चाकाला नव्याने सांगायचे. दूरच्या चाकापासून सुरुवात, जवळच्या चाकाशी शेवट. चौथ्या चाकापर्यंत माझी पोटरी भरून यायची आणि ते खोकत असायचे.

त्या खोकल्याबद्दल मला आधीच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मी बोलायचो, रोज बोलायचो. सगळी हयात त्यांनी ब्रेकच्या ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकून काढली होती. फूऽ करून फुंकायचे आणि ढग उडाला की त्यातच पुन्हा श्वास घ्यायचे. जुन्या लायनरची ती भुकटी छातीत जाऊन बसली की बाहेर येत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून हेच सांगितलं आणि पंप लिहून दिला. तोंडात फवारायचा पंप म्हटलं की आमच्याकडे लोक घाबरतात. तो लागला की माणूस संपला, अशी समजूत. चाचा त्यातलेच. माझ्याकडून पंप नेला, आठवड्याने परत आणून काउंटरवर आपटला. "हवा हाय नुसती याच्यात. काई फरक नाई."

"घेता कसा ते दाखवा."

त्यांनी अत्तर मारावं तसा तोंडापुढे मारला आणि लगेच फूऽ करून सोडून दिला. औषध माझ्या काउंटरवर पडलं.

मी काउंटरमागून बाहेर आलो. त्यांना बाकावर बसवलं, पंप हलवून ओठांत धरायला लावला आणि म्हणालो, "मी सांगतो तसं करा. आधी सगळा श्वास सोडा. आता दाबा आणि ओढा... धरा! धरा! मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही."

चाचांनी श्वास धरला. डोळे मोठे झाले. दुकानात औषधासाठी थांबलेली दोन माणसंही श्वास धरून बघत होती. "सोडा," मी म्हणालो. त्यांनी सोडला, मग पुन्हा एक श्वास घेऊन पाहिला. तो आतपर्यंत गेला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं.

"तू तं माहीच हवा काढून राह्यला बे!"

तेव्हापासून ते पंप एकटे घेईनात. घरी चाची होत्या, पण चाचींच्या 'सोडा'वर त्यांचा भरवसा नव्हता. सकाळ-संध्याकाळ माझ्या दुकानात यायचे, बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "चल, मन." मी म्हणायचो. कधी गर्दी असली तर काउंटरवरून, पावती फाडता फाडता. खरं सांगायचं तर कधीकधी वैताग यायचा. पण ते आले नाहीत की दिवस उगाच लांबायचा.

एकदा त्यांना ट्रॅकवर घेऊन गेलो. वाटेत एका गचक्याला डिक्कीत खडखड वाजलं म्हणून विचारलं तर त्यांनी आपल्या दुकानातला चपटा काळा दगड आणला होता. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढला की पॅड चाकामागच्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला चिकटतं, म्हणून गाडी उभी केली की चाकाखाली दगड. "चाचा, तिथे दगड मिळाले नसते का?" "भेटले असते. पन ते आपले नाई." नागपूरच्या मंडळींनी दगड पाहून यथेच्छ चेष्टा केली. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या दोघांनी आजूबाजूचे दगड शोधून आणले होते.

चाचा शेडखाली खुर्ची टाकून बसले होते. गाडी समोरून गेली की बघायचे नाहीत, मान खाली घालून आवाज ऐकायचे. त्यांची एकच अट होती: शेवटची चक्कर अर्ध्या वेगाने, ब्रेकला पाय न लावता. "दम खाऊ दे त्याहिले. पयत येऊन एकदम बसलं का मानूसबी पडते." मी तशी चक्कर मारून आलो, ते स्वतः उठून दगड लावायला आले, चाकाचा वास घेतला आणि मग, मला कळायच्या आत, हातातली पाण्याची बाटली त्यांनी पुढच्या डिस्कवर उपडी केली.

चर्रर्र झालं, वाफ आली, आणि आतून टण्ण असा एक आवाज आला.

हायवेवरच्या प्रत्येक ढाब्यावर हेच चालतं. घाट उतरून आलेला ड्रायव्हर जेवायला बसायच्या आधी चाकांवर बादलीभर पाणी मारतो. जाड ड्रम ते सोसतो. चाचांनी ते जन्मभर पाहिलं होतं, जन्मभर केलं होतं. पातळ तापलेली डिस्क मात्र एका बाटलीत वाकडी झाली. येताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. मी सावकाश चालवत होतो. चाचा खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "आदत." आदिलाबाद मागे पडल्यावर म्हणाले, "थंड कराची घाई केली. आपोआप होत होतं." मी म्हटलं, डिस्क काय, नवी येईल. ते म्हणाले, "डिस्क येईन." मला त्यांची फार दया आली आणि ती दाखवायची सोय नव्हती.

त्यानंतर ते खचत गेले. डिस्कमुळे नव्हे, छातीमुळे. पण मला दोन्ही एकत्रच आठवतं. ट्रकचं काम बंद झालं. दुकान उघडायचे, खुर्ची टाकून बसायचे, ओळखीचा ड्रायव्हर आला की चाकाचा वास घ्यायला उठायचे आणि खोकत परत बसायचे. एके दुपारी चाची माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, आता त्या सांगणार की तुझी गाडी आणू नकोस. मी तयारीत होतो.

"तू त्या गोल फिराच्या गावाले कधी जाऊन राह्यला?" त्यांनी विचारलं.

"नाही जात आता, चाची."

"जाय. गाडी आन. तुही गाडी आली का ते उठते, नाईतं भिताडाकडे तोंड करून पडून रायते. फक्त त्याले वाकू देऊ नको."

चाचांना वाकू न देता ब्रेकचं काम करून घेणं म्हणजे काय, हे चाचींना ठाऊक नसावं. मी गाडी घेऊन गेलो. लग्नाचे पॅड मीच बसवले, ते खुर्चीवरून शिव्या देत होते. भुकटी ओल्या फडक्याने पुसायला लावली. फुंकू मात्र दिली नाही. "फुकू नको, माहा फोटो पायला ना?" हवा काढायची वेळ आली तेव्हा म्हणाले, स्क्रूवर मीच बसतो. मी नाही म्हटलं. "तू खाली बसला तं पेडलवर कोन? तुही याडी?" असं म्हणून, माझ्या आईच्या नावाने आमच्याच बोलीत, त्यांनी मला गप्प केलं आणि लाकडी पाटावर बसले.

तीन चाकं नीट झाली. चौथ्याला "मार, मार, मार, धर" एवढं बोलून त्यांचा आवाज थांबला. माझा पाय जमिनीपर्यंत गेला. मी थांबलो. बाहेर खोकला सुरू झाला, थांबेना. सीटवरून मला ते दिसत नव्हते. उतरून पळावं असं वाटत होतं. पण पाय उचलला तर सगळी हवा परत आत जाणार, त्यांना चारही चाकं पुन्हा करावी लागणार, आणि तेवढा दम त्यांच्यात नव्हता. मी पाय दाबून धरला. पोटरी थरथरायला लागली, मग मांडी. "चाचा!" मी ओरडलो. उत्तर नाही. खोकला थांबला आणि काहीच ऐकू येईना, तेव्हा मी फार घाबरलो.

मग चाकावर पाना वाजला. टुक, टुक.

मी पाय उचलला आणि बाहेर धावलो. चाचा चाकाला पाठ टेकून बसले होते, ओठ निळसर, एक हात अजून पान्यावर. स्क्रू घट्ट होता. बोलता येईना म्हणून त्यांनी पाना दाखवला, म्हणजे आता आवाजाऐवजी हा. मी खिशातला पंप काढला, त्यांच्या तोंडाला लावला. ते तेव्हाही मी 'सोडा' म्हणायची वाट पाहत राहिले.

त्या खेपेला मी ट्रॅकवर जाऊन आलो. ब्रेक असे लागले की काय सांगू. आल्यावर त्यांना सगळं वळणागणिक सांगितलं. ते आडवे पडून ऐकत होते. "थकले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही थकले. त्यांना फार बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात ते गेले. दफनाला हायवेवरचे कितीतरी ड्रायव्हर आले होते, ट्रक रस्त्याच्या कडेला रांगेने उभे होते. दुकानात आता कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकतं. माझे लग्नाचे पॅड शर्टात गुंडाळलेले घरी आहेत, दगड डिक्कीत आहे. नागपूरला एका वर्कशॉपमध्ये यंत्राने हवा काढून देतात. एकटाच माणूस काढतो, पेडलवर कुणी लागत नाही. मी एकदा तिथे काचेमागे उभा राहून पाहिलं आणि काम संपायच्या आत बाहेर चहाला गेलो.

ते जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. चाचींनी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. बोलणं जवळजवळ बंद. माझ्याकडे पाहून त्यांनी बोटाने खूण केली, पंप. मी हलवला, ओठांत दिला, "ओढा, चाचा... धरा." त्यांनी जेवढा ओढता आला तेवढा ओढला आणि धरला. डोळे माझ्यावर. नेहमीसारखेच, थोडे खोडकर. आणि मला 'सोडा' म्हणवेना. हा श्वास आत आहे तोवर ते आहेत, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. चाची माझ्याकडे पाहायला लागल्या.

चाचांचा हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर होता. त्यांनी बोटातली अंगठी दांड्यावर वाजवली. टुक, टुक.

"सोडा, चाचा," मी म्हणालो, आणि त्यांनी सोडला.